शिडांच्या शब्दांना घाबरू नकोस

पॅट्रिक ओब्रायनची शिडाच्या जहाजांवरची कादंबरी-मालिका वाचायला घेतलीस, छान. पहिल्या पन्नास पानांत दोऱ्या, शिडं, डोलकाठ्या यांच्या नावांनी डोकं गरगरेल. प्रत्येक शब्दासाठी कोश उघडत बसू नकोस. त्यातल्या डॉक्टर मॅच्युरिनलाही जहाजातलं ओ की ठो कळत नाही. त्याच्याबरोबरच शिकत जा.

एक गोष्ट मात्र पक्की समजून घे: वारा. शिडाचं जहाज थेट वाऱ्याच्या दिशेने जाऊच शकत नाही, नागमोडी वळणं घेत पुढे सरकतं. त्यामुळे वारा जिकडून येतो त्या बाजूला ज्याचं जहाज, लढाई कधी जुंपायची हे बहुतेक वेळा तोच ठरवतो. एवढं कळलं की पाठलागाची लांबलचक पानं आपोआप उलगडतात.

पूर्ण कादंबऱ्या वीस. क्रमानेच वाच. पहिली १८०० साली मिनोर्का बेटावर सुरू होते. तिच्यातली मोठी झुंज अतिशयोक्ती वाटेल, पण १८०१ मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी कॉक्रनच्या १४ तोफांच्या 'स्पीडी' जहाजाने ३२ तोफांचं स्पॅनिश जहाज 'गामो' खरंच पकडलं होतं. दुसरीत जमिनीवरची प्रेमप्रकरणं जरा लांबतात (मी तिथेच वर्षभर अडकलो होतो). दम धर, तिसरीत जहाज आपल्या मुंबईला लागतं.