चढवू नकोस, चढू दे

प्रिय,

तुझं पत्र वाचून हसू आलं. दीड वर्षाच्या लेकीला हौसेनं बागेत नेलंस, आणि ती घसरगुंडीकडे ढुंकूनही न बघता फाटकाजवळच्या गटाराच्या जाळीत काड्या टाकत बसली. सकाळ फुकट गेली म्हणतोस. मला तसं वाटत नाही. काडी आडवी धरली तर अडकते, उभी धरली तर आत जाते, एवढं ती शिकून आली. या वयात बाग फाटकापासूनच सुरू होते.

माझा नियम एकच, आणि बालवाडीत जन्म काढूनही तो बदलावासा वाटला नाही. जिथे तिला आपण होऊन चढता येत नाही, तिथे तिला उचलून ठेवायचं नाही. स्वतः चढलेल्या मुलाला आपला पाय कुठे आहे ते ठाऊक असतं, त्यामुळे उतरायचं कसं हेही थोडंफार कळतं. उचलून ठेवलेलं मूल मात्र वर नुसतं अडकतं. तू मागे उभा राहा, हात पोचेल इतक्या अंतरावर, पण हात तिच्या कमरेला नको. ‘पडशील, पडशील’ हा जप बाकावरचे आजी-आजोबा करतीलच, तू त्यात सूर मिसळू नकोस. कधी ती घसरगुंडीवर उलटी, खालून वर चढेल. मागे कुणी खोळंबलं नसेल तर चढू दे.

याच नियमातून पुढची गोष्ट येते, आणि ही गांभीर्याने घे. तिला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नकोस. सगळे बाप हे करतात, फोटोही छान येतो. पण तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकला, तर पाय मागे राहतो आणि तुझं वजन दोघांनाही पुढे नेतं. लहान मुलांच्या नडगीचं हाड असंच पिरगळून मोडतं. एकटी असती तर पाय अडकल्यावर बहुधा तिथेच थांबली असती.

फेब्रुवारी संपतानाचं पुण्याचं हवामान फसवं. आठ वाजता स्वेटर लागतो, दहाला घाम येतो. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ घाल, म्हणजे एक काढता येतो. सकाळी घसरगुंडी दवाने ओली असते, जुना पंचा पिशवीत टाक. खेळायला सोडण्याआधी नाड्यांची कानटोपी आणि गळ्यातला काळा दोरा काढून ठेव. हे अडकले तर गळ्याला फास बसतो. तुझ्या आईला दोरा काढलेला आवडणार नाही. घरी आल्यावर परत घाल, वाद नको. संध्याकाळी गेलास तर घसरगुंडीला आधी हाताची मागची बाजू लावून बघ. पत्रा तापतो हे सगळ्यांना माहीत असतं, प्लॅस्टिकही चटका देतं हे लक्षात येत नाही. झोक्यांच्या पुढून-मागून मात्र तिला मोकळं सोडू नकोस. तिथे सरळ हात धर. हलता झोका अंगावर येईल हे तिला अजून कळत नाही.

या दिवसांत काटेसावर फुललेली असते. पान एक नाही आणि खाली लाल, जाडजूड फुलांचा सडा. ती फुलं तिला हवी तितकी गोळा करू दे, पाकळ्या सोलू दे. बिट्टीपासून तेवढी दूर ठेव. पिवळ्या फुलांचं हे झाड बागांच्या कडेला सर्रास लावतात. त्याच्या बियांनी आपण सगळे खेळलो, पण झाड सगळंच विषारी, आणि हिला अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालून बघायची असते.

दुसऱ्या मुलांशी खेळत नाही, ही तुझी तक्रार. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधक बाईंनी 1932 साली मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या. एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळणं ही त्यातलीच एक. वाळूत पाठीला पाठ लावून दोघी खणत असतील, तर ती ओळखच झाली समज. बादली ‘दे गं तिला’ म्हणून तिच्या हातातून काढून घेऊ नकोस. दुसऱ्या आईला काय वाटेल या भीतीने आपण मुलांना उदार करायला निघतो. त्यापेक्षा दोन बादल्या ने.

किती वेळ खेळवावं, असं विचारलंयस. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या वयासाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली आहे. ती दिवसभरात विखुरलेली चालते. जिने चढणं, घरभर पळणं, सगळं धर. त्यामुळे बागेत घड्याळ बघू नकोस. ती जांभया द्यायला किंवा चिडायला लागायच्या आधी निघ. ‘चल’ म्हणून उचललंस तर भोकाड ठरलेलं. आधी सांगून ठेव, मग घसरगुंडीला, झोक्याला टाटा करायला लाव आणि पाण्याची बाटली फाटकापर्यंत तिच्याकडे दे. हातात काम असलं की ती चालते.

रविवार टाळ, मोठी मुलं धुडगूस घालतात. दुपारी बऱ्याच बागा बंद असतात, तेव्हा सकाळी नऊच्या आत पोच. काड्या तिथे मिळतीलच.

तुझी,
बालवाडीच्या बाई