पासवर्ड बरोबर, तरी खाते उघडेना

प्रश्न : निवृत्तीनंतरचा छंद म्हणून मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर रिस्क ओएस ही संगणकप्रणाली बसवली आहे आणि तिच्यावरच्या एका जुन्या मेल-प्रोग्रॅममधून पत्रव्यवहार करतो. आता तो प्रोग्रॅम ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ असे सांगून थांबतो. तोच पासवर्ड मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बिनतक्रार चालतो. दोनदा बदलूनही पाहिला. चूक नेमकी कोणाची?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपला पासवर्ड बरोबर आहे. प्रोग्रॅम ज्या रीतीने तो सादर करतो, ती रीतच बहुतेक मोठ्या मेल-सेवांनी बंद केली आहे; मात्र सर्व्हरकडून येणारा नकार जुन्याच साच्यातला असल्यामुळे माणूस विनाकारण पासवर्ड बदलत बसतो.

सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या पॉप या जुन्या पद्धतीतला संवाद अगदी त्रोटक असतो. प्रोग्रॅम ‘यूझर’ या शब्दापुढे आपले नाव पाठवतो, मग ‘पास’ या शब्दापुढे पासवर्ड, आणि सर्व्हर ‘ओके’ किंवा ‘एरर’ म्हणतो. एवढ्यात सगळे संपते. मोबाइलवर आलेला संकेतांक विचारायला या संवादात जागाच नाही. त्यामुळे चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या घेऊन खाती उघडून पाहणाऱ्यांना हे दार फार सोयीचे होते. शिवाय ज्या पासवर्डावर मेल, छायाचित्रे आणि कॅलेंडर असे सारेच उघडते, तो प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये कायमचा पडून राहतो.

याला पर्याय म्हणून आलेल्या ओ-ऑथ २.० या २०१२ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीत पासवर्ड फक्त सेवेच्या स्वतःच्या वेबपानावर टाकायचा असतो, आणि त्या बदल्यात प्रोग्रॅमला एक परवाना मिळतो, ज्याची मुदत साधारण तासाभराची असते व जो पुढे आपोआप नवा करून घेता येतो. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डाची वाट ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी ती १६ सप्टेंबर २०२४ रोजी बंद केली.

सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण लहान प्रणालींची त्यात अडचण होते, हेही सांगितले पाहिजे. सेवेचे ते वेबपान आधुनिक जावास्क्रिप्टशिवाय, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेशिवाय, चालत नाही आणि रिस्क ओएसवर सर्रास वापरला जाणारा नेटसर्फ हा ब्राउझर तिथे अडखळतो. त्याखेरीज प्रोग्रॅमच्या कर्त्याला प्रत्येक सेवेकडे नोंदणी करून ओळखक्रमांक मिळवावा लागतो आणि पूर्ण मेलपेटी वाचायची असेल, तर पडताळणीच्या पायऱ्याही पार कराव्या लागतात. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८० च्या दशकात घडवलेली ही प्रणाली आज मोजके हौशी लोक सांभाळत आहेत. मोठ्या कंपनीला जी नुसती कागदपत्रांची पूर्तता वाटते, ती फावल्या वेळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला महिनोन्‌महिने पुरते.

आता उपाय. आपण सेवेचे नाव लिहिलेले नाही, म्हणून दोन्ही शक्यता धरतो. खाते जीमेलचे असेल, तर आधी द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डाखेरीज आणखी एक खूण मागणारी) सुरू करावी आणि मग खात्याच्या सुरक्षा विभागातून ‘ॲप पासवर्ड’ तयार करून घ्यावा. पडद्यावर सोळा अक्षरे चार-चारच्या गटांत दिसतात. जुन्या प्रोग्रॅममध्ये ती मधल्या मोकळ्या जागा गाळून सलग लिहावीत. हा पासवर्ड एकाच प्रोग्रॅमसाठी ठेवावा, म्हणजे संशय आल्यास तेवढाच रद्द करता येतो. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला, की ॲप पासवर्डही रद्द होतात. पासवर्ड बदलत राहण्याची आपली सवय इथे आड येईल, याची नोंद घ्यावी.

आउटलुक डॉट कॉमच्या खात्याला हा उपाय लागू पडत नाही. तिथे घरातल्या दुसऱ्या संगणकाला मध्यस्थ नेमावे लागते. पायथन या संगणकभाषेत लिहिलेला, मोफत मिळणारा ओ-ऑथ प्रॉक्सी हा मध्यस्थ प्रोग्रॅम त्या संगणकावर चालवायचा, ब्राउझरमधली परवानगी तिथेच एकदा द्यायची, आणि रिस्क ओएसवरच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हर म्हणून त्या संगणकाचा पत्ता भरायचा. आपला प्रोग्रॅम पूर्वीसारखाच ‘यूझर’ आणि ‘पास’ म्हणत राहतो व पुढची देवघेव मध्यस्थ करतो. दोघांमधले बोलणे बहुधा उघड्या मजकुरात होत असल्याने हा मध्यस्थ घरच्या जाळ्याबाहेर मुळीच दिसू देऊ नये.

एवढे करूनही जोडणी झाली नाही, तर प्रोग्रॅमची नोंदवही (लॉग) उघडून नकार कोणत्या टप्प्यावर आला ते पाहावे. ‘पास’च्या ओळीनंतर आला असेल, तर प्रश्न ओळख पटवण्याचाच आहे. ‘यूझर’ ही ओळ उमटण्याआधीच जोडणी तुटत असेल, तर मात्र प्रोग्रॅमला टीएलएस १.२ हे जोडणी सुरक्षित ठेवणारे कूटलेखन येत नसण्याची शक्यता मोठी आहे. त्याआधीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या, आणि अशा वेळी पासवर्ड कोणताही दिला तरी तो सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही.