येताना वाटेत काय विचारतेस

(डोंबिवलीहून एका ताईचं पत्र आलंय. थोडक्यात सांगते: धाकटा भाऊ, वय 36, दारूपायी नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती आलीच नाही. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून बोलायचे गट. "एएच्या मीटिंगा मीच शोधल्या, डोंबिवली-कल्याण-ठाण्याच्या सगळ्या वेळा वहीत लिहून ठेवल्यात. दर मंगळवारी स्कूटीवरून मीच सोडते, मधूनच सटकू नये म्हणून दीड तास खाली थांबते, येताना वाटेत विचारते आज काय बोललास. 4 मीटिंग झाल्या, आता मंगळवार आला की याचं पोट दुखतं. दुसरा कुठला ग्रुप चांगला?")

दुसरा ग्रुप नको. ती वही आधी मिटव.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडखळले, जे तू जाता जाता लिहून गेलीयस. येताना वाटेत विचारते आज काय बोललास. अगं, मागच्या सीटवरच्या माणसाने करायचं काय? उतरून पळता येत नाही. समज त्याने आज वर सांगितलं असेल की आईच्या पाटल्या चोरीला गेल्या नव्हत्या, मीच विकल्या, तर ते आता हेल्मेटमधून, सिग्नलला, हॉर्नच्या गोंगाटात पुन्हा ओरडून सांगायचं, आणि तेही कोणाला, तर त्याच घरातल्या बहिणीला. माझंही पोट दुखलं असतं.

मीटिंगच्या त्या खोलीत हजेरी नाही, फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. पिशवी फिरते तेव्हा जमलं तर दहा-वीस रुपये टाकायचे, नाही जमलं तर नाही. एकजण म्हणतो मी अमुक, मी अल्कोहोलिक, आणि तो बोलत असताना बाकीचे मध्ये तोंड घालत नाहीत, असं कर तसं कर सांगत नाहीत, आणि इथे ऐकलेलं इथेच ठेवून घरी जायचं. ती खोली चालते ती एवढ्याच भरवशावर, आणि तू दर मंगळवारी फाटकाबाहेर जकात नाका उघडून बसलीयस!

हे सगळं सुरू कसं झालं माहितीये? 1935 चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा आणि शेजारी बार. प्यावंसं वाटायला लागलं तसं त्याने चर्चच्या यादीतून फोन लावायला सुरुवात केली, का तर दारूचाच त्रास असलेला दुसरा कोणीतरी बोलायला हवा होता. स्वतः लावले ते फोन, बहिणीने लावून दिले नव्हते. त्यातून गाठ पडली डॉक्टर बॉबशी, तेही दारूच्याच विळख्यातले. त्यांना मात्र बायको घेऊन आली होती, इथपर्यंत तुझ्यासारखंच, आणि डॉक्टर आले ते पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही असं बजावूनच. दोघं एका खोलीत गेले ते सहा तासांनी उठले. बायको आत नव्हती.

आता बिलच्या बायकोचं ऐक, लोइसचं, कारण तू तीच आहेस. सोळा-सतरा वर्षं तिने या माणसापायी काय नाही केलं, आणि तो सुधारला कोणामुळे तर उपऱ्या बेवड्यांमुळे. एक दिवस तो म्हणाला चल आवर, मीटिंगला उशीर होतोय, तर तिने पायातला बूट काढून फेकून मारला त्याला. नंतर तिचं तिलाच नवल वाटलं की एवढा राग कशाचा आला. पुढे तिने आणि इतर बायकांनी मिळून 1951 मध्ये अल-अनॉन उभं केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी.

तुझ्या पत्रात मला ती फेकायला उचललेली चप्पल दिसते गं. आपल्याला दहा वर्षांत जे सांगितलं नाही ते हा परक्या माणसांना सांगतो, हे तुला बोचतंय. बोचू दे. पण ते भावाकडून वसूल करू नकोस, तुझ्यासारख्याच बोचलेल्यांत जाऊन बोल. अल-अनॉनला बायकोच असावं लागतं असं नाही, बहीण चालते, आई चालते. एएच्या नंबरवर इतके फोन केलेस ना, आता एक स्वतःसाठी कर आणि विचार की अल-अनॉनची मीटिंग जवळपास कुठे भरते.

एक मात्र, सकाळी प्यायला मिळाली नाही की त्याचे हात थरथरतात असंही लिहिलंयस. मग अचानक बंद करायच्या आधी डॉक्टरकडे ने, त्यात फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि ते मीटिंगचं काम नव्हे.

या मंगळवारी स्कूटी खालीच राहू दे. मीटिंग कुठे आहे त्याला माहितीये, शेअर रिक्षा मिळते. गेला तर गेला, नाही गेला तर ते त्याचं, तू खिडकीत उभी राहू नकोस. आणि गेलाच तर आल्यावर आमटी गरम कर, आणि तोंड उघडायचंच असेल तर विचार, भात वाढू का.