तांब्याच्या जुन्या पैशाचे किती येतील? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ सालचा तांब्याचा पैसा सापडला. असं नाणं लाखोंना विकलं जातं, असं एका व्हिडिओत पाहिलं. हे खरं आहे का? (एक वाचक, सांगली)

नाही. तुमच्याकडे आहे तो पाव आणा, म्हणजे त्या काळचा एक पैसा. असे चौसष्ट पैसे दिले की एक रुपया व्हायचा. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकसारखं चलन आलं आणि हा पैसा अफाट संख्येनं पाडला गेला. आजही तो नाणेविक्रेत्यांकडे ढिगानं असतो. घासलेल्या नाण्याचे शे-दोनशे रुपये आले तरी पुष्कळ.

वय जास्त म्हणून किंमत जास्त, हे गणित नाण्यांना लागू पडत नाही. कुषाणांचं तांब्याचं नाणं अठराशे वर्षांचं असूनही काही शे रुपयांत मिळतं. नाणी किती उरली आहेत, ती किती जणांना हवी आहेत आणि तुमच्या हातातलं नाणं किती चांगल्या स्थितीत आहे, यावर भाव ठरतो. तुमचा पैसा खिडकीपाशी तिरपा धरून भिंगातून बघा. निशाणं धरलेल्या दोन सिंहांचे चेहरे आणि मागच्या बाजूच्या माळेतली पानं सुटी सुटी दिसतात का? ती सपाट झाली असतील, तर नाणं खूप हातांतून गेलेलं आहे. पण टाकसाळीतून आल्यावर जवळजवळ वापरलंच न गेलेलं आणि मूळची तांबूस झळाळी थोडी तरी टिकवून असलेलं नाणं त्याच्या कैक पट भावानं जातं.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराई घेतली. अक्षरं अर्धीच दिसतात. ती खरी असेल का, आणि शिवाजी महाराजांच्या काळातली असेल का? (एक वाचक, पिंपरी)

अर्धी अक्षरं हा दोष समजू नका. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यात हातोड्याचा घाव थोडा सरकला की मजकूर कडेबाहेर जायचा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ हा पूर्ण मजकूर, भोवतीच्या ठिपक्यांच्या वर्तुळासह, एकाच नाण्यावर मिळणं दुर्मीळ. म्हणूनच तशा नाण्याला जास्त पैसे पडतात.

काळाचं म्हणाल, तर १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेली शिवराई पुढे पेशवाई संपेपर्यंत आणि त्यानंतरही चालत राहिली. महाराजांचं नाव तेच राहिलं, घडण बदलत गेली. ओळींच्या मध्ये दोन आडव्या दांड्या आणि त्यांत एखादं छोटं चिन्ह दिसलं, तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळातली. बाजारात सर्वांत जास्त मिळते ती हीच, काही शे रुपयांत. विक्रेते मात्र सरसकट ‘महाराजांच्या काळातली’ म्हणून विकतात. ज्या नाण्याशी माणसाची श्रद्धा जोडलेली आहे, त्याच्या बाबतीत असं सांगणं मला फार खटकतं.

नकली शिवराई बहुधा साच्यात ओतलेली असते. भिंगाखाली तिच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर असतात आणि कधी कडेवर साच्याचा जोड लागतो. घाव घालून पाडलेल्या नाण्यात अक्षराची कड तुटक, पण धारदार असते. शंका असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आणि संशोधन संस्था आहे. तिथली खरी नाणी एकदा नीट बघून या. नजर तयार व्हायला त्याची मोठी मदत होते.

प्रश्न : भोकाचे पैसे काळे पडलेत. विकण्याआधी चिंच किंवा पितांबरी लावून घासू का? (एक वाचक, चिपळूण)

कृपा करून घासू नका! तो काळसर-तपकिरी थर नाण्याचं संरक्षण करतो आणि जाणकार आधी तोच बघतात. घासून चकचकीत केलेलं नाणं ते लगेच ओळखतात आणि भाव पाडतात. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजवा, मऊ कापडानं टिपून घ्या आणि कडेला धरून कागदी पाकिटात ठेवा. भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ या काळातले. महायुद्धात तांबं वाचवायला मध्ये भोक पाडलं. ते विपुल असल्यानं सहसा थोडक्या रुपयांनाच जातात.

प्रश्न : राम दरबार असलेलं १८१८ चं नाणं माझ्याकडे आहे. एकाने फोनवर पाच लाख देऊ केलेत, पण आधी ‘रिझर्व्ह बँकेची फी’ भरायला सांगतो. (एक वाचक, लातूर)

एक रुपयाही भरू नका. ईस्ट इंडिया कंपनीने राम दरबाराचं किंवा हनुमानाचं नाणं कधीच काढलं नाही. हे नंतर बनवलेले बिल्ले आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, नाणं म्हणून त्याला मोल नाही. काही जुनी नाणी तांदूळ स्वतःकडे ओढतात म्हणून ती मौल्यवान, ही गोष्टही शुद्ध फसवणूक. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण पडत नाही आणि त्यासाठी कुठलीही फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

प्रश्न : न्यू जर्सीहून भावाने १९४३ ची पांढरी अमेरिकन पेनी पाठवली. दुर्मीळ आहे ना? (एक वाचक, डोंबिवली)

पांढरी दुर्मीळ नाही. त्या एका वर्षी युद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पेन्या पाडल्या, त्याही शंभर कोटींहून जास्त. वापरलेली पेनी डॉलरपेक्षाही कमी किमतीला मिळते. त्या वर्षी चुकून तांब्याच्या चकतीवर पडलेल्या मोजक्या पेन्या मात्र लाखो डॉलरपर्यंत गेल्या आहेत. तशी कुणी दाखवली तर चुंबक लावा: चिकटली तर वरून तांबं चढवलेलं पोलाद. नाही चिकटली तर ‘३’ बघा, कारण १९४८ च्या ‘८’ चा अर्धा भाग खरवडून तो ‘३’ करतात.

प्रश्न : नांगरताना मडक्यात तांब्याची नाणी निघाली. थेट विकता येतील का? (एक वाचक, जुन्नर)

नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवणं गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेरही नेता येत नाहीत. मडक्याचे तुकडेही टाकू नका आणि नाणी वेगळी करू नका. कुठली नाणी कशाबरोबर पुरली होती, यावरूनच काळ ठरतो. जागेचे फोटो काढा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.