औषधाची चाचणी काय मोजणार हे सार्वजनिक रजिस्ट्रीत आधी नोंदवलेलं असतं, मग छापलेला शोधनिबंध त्या नोंदीप्रमाणेच असतो का? स्वतः कसं तपासायचं?

बरेचदा नसतो, आणि नावाजलेल्या जर्नलमध्येही नसतो.

२०१५ च्या अखेरीस ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 'कंपेअर' नावाचा प्रकल्प हाती घेतला. न्यू इंग्लंड जर्नल, लॅन्सेट, जामा, बीएमजे आणि ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या पाच जर्नलमध्ये सहा आठवड्यांत आलेल्या ६७ चाचण्या त्यांनी एकेक करून मूळ आराखड्याशी ताडून पाहिल्या. पूर्णपणे जुळल्या फक्त ९. मोजायचं ठरवलेले ३५४ आउटकम (म्हणजे चाचणीत मोजायचे परिणाम) निबंधांत सापडलेच नाहीत आणि आराखड्यात नसलेले ३५७ गुपचूप आत आले होते.

यानं बिघडतं काय, ते आधी बघू. औषधाचा काडीचाही उपयोग नसला, तरी ५ टक्क्यांच्या निकषावर एखादा आउटकम निव्वळ योगायोगानं 'सिग्निफिकंट', म्हणजे खरा फरक असल्यासारखा, निघायची शक्यता २० मध्ये १ असते. एकमेकांशी संबंध नसलेले १० आउटकम मोजले, तर त्यांतला किमान एक तसा निघायची शक्यता ४० टक्क्यांवर जाते. २० मोजले तर ६४ टक्क्यांवर. आकडे हाती आल्यावर त्यांतला चांगला दिसणारा निवडून 'आम्ही हेच मोजायला निघालो होतो' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला ही निवड दिसत नाही. ती दिसावी एवढ्यासाठीच आधी नोंद करायची असते.

जवळून पाहण्यासारखं उदाहरण म्हणजे किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध देऊन केलेली 'स्टडी ३२९'. निबंध आला २००१ मध्ये. आराखड्यात मुख्य आउटकम दोन होते: हॅमिल्टन नैराश्य मोजपट्टीवरच्या एकूण गुणांतला फरक, आणि 'प्रतिसाद' देणाऱ्या मुलांचं प्रमाण. प्रतिसाद म्हणजे गुण निम्म्यानं कमी होणं, किंवा ८ वा त्याखाली येणं. दोन्हींत औषध आणि प्लासिबोमध्ये (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. निबंधात मात्र त्या व्याख्येतला दुसरा अर्धा भाग, म्हणजे फक्त '८ वा त्याखाली', वेगळा काढून त्याला रोगमुक्ती म्हटलं गेलं आणि तिथे फरक दिसला! आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न 'भावनिक अस्थिरता' अशा शब्दांखाली गेले. २०१५ मध्ये बीएमजेत मूळ आकड्यांचं पुन्हा विश्लेषण छापून आलं, तेव्हा औषध उपयोगीही ठरलं नाही आणि सुरक्षितही नाही.

आता तपासणी. सारांशाच्या शेवटी नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकी सरकारी रजिस्ट्रीतला असेल तर 'एनसीटी' आणि पुढे आठ अंक. तो रजिस्ट्रीत टाकला की चाचणीचं पान उघडतं, आणि बहुतेक जण इथेच फसतात. समोर दिसते ती ताजी आवृत्ती असते. निबंध पाठवण्याच्या आदल्या महिन्यात कुणी नोंद बदलली असेल, तर दोन्ही तंतोतंत जुळणारच. म्हणून 'रेकॉर्ड हिस्टरी' उघडा आणि पहिला रुग्ण दाखल व्हायच्या लगेच आधीची आवृत्ती घ्या. तुलना तिच्याशीच करायची.

मी आउटकमच्याही आधी तारखा बघतो. जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम जुलै २००५ पासून लागू आहे: पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद झालीच पाहिजे. नोंदीची तारीख चाचणी सुरू झाल्यानंतरची असेल, तर नोंद आणि निबंध जुळले तरी त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही.

मग एका कागदावर दोन रकाने करा: डावीकडे नोंदीतला प्रत्येक आउटकम, उजवीकडे निबंधातला. नुसतं नाव जुळवू नका, प्रत्येकाचे पाच भाग पाडा. उदाहरणार्थ, काय मोजायचं: चिंता. कशानं: हॅमिल्टनची चिंता मोजपट्टी. प्रत्येक रुग्णाचा कोणता आकडा: सुरुवातीपासूनचा फरक. गटाचा हिशोब कसा: सरासरी, की निम्म्यानं घट झालेल्यांचं प्रमाण. केव्हा: १२ व्या आठवड्याला. नोंदीत नुसतं 'चिंता कमी होणे' लिहिलं असेल, तर तीन मोजपट्ट्या, हिशोबाच्या दोन पद्धती आणि मोजण्याच्या चार वेगवेगळ्या वेळा धरून २४ वाटा मोकळ्या राहतात. यातली कुठलीही घेतली तरी 'आम्ही नोंदीप्रमाणेच केलं' असं म्हणता येतं. अशी मोघम नोंद मला उघड बदलापेक्षाही घातक वाटते, कारण बदल निदान पकडता तरी येतो.

सगळ्यांत सहज नजरेतून सुटते ती वेळ. सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या 'क्लास' चाचणीचा २००० सालचा निबंध सहा महिन्यांच्या आकड्यांवर होता, आराखड्यातली मुदत त्याहून मोठी होती. पूर्ण मुदतीचे आकडे पाहिल्यावर अल्सरच्या गुंतागुंतींबाबतचा फायदा टिकला नाही.

उजवा रकाना रिकामा दिसला म्हणून लगेच बोट दाखवू नका. आधी निबंधाची पुरवणी उघडा. प्रोटोकॉल (चाचणीचा सविस्तर मूळ आराखडा) आणि सांख्यिकी विश्लेषणाचा आराखडा बरेचदा तिथेच असतो. चाचणी सुरू होण्याआधीची तारीख असलेला प्रोटोकॉल मिळाला, तर रजिस्ट्रीपेक्षा तो धरावा. पाच वर्षांनंतरचे आउटकम पुढच्या निबंधात येणार असतील, तर तेही रास्तच आहे, फक्त तसं लिहिलेलं हवं. अधेमध्ये बदल करावाही लागतो: मोजमापाचं यंत्र बंद पडतं, अपेक्षेपेक्षा फारच कमी रुग्णांना झटका येतो. कुणाला औषध आणि कुणाला प्लासिबो हे उघड व्हायच्या आधी बदल केला, आणि तारीख व कारण निबंधात दिलं, तर माझी काहीच तक्रार नसते.

लेखकांना विचारून भागेल असं मात्र धरू नका. कोपनहेगन आणि फ्रेडरिक्सबर्गच्या नैतिकता समित्यांनी मंजूर केलेल्या १०२ चाचण्यांचा अभ्यास २००४ मध्ये जामात आला. ६२ टक्क्यांत किमान एक मुख्य आउटकम बदललेला, नव्यानं आणलेला किंवा वगळलेला होता. न छापलेल्या आउटकमबद्दल विचारल्यावर उत्तर देणाऱ्या ४९ संशोधकांपैकी ४२ जणांनी 'असं काही नाही' म्हटलं, त्यांचेच कागद उलट सांगत असताना.

नोंदीचा काहीच उपयोग नाही, असा अर्थ यातून काढू नका. अमेरिकेतल्या सरकारी हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या निधीतून झालेल्या मोठ्या चाचण्यांत २००० पूर्वी, म्हणजे नोंदीची पद्धत रुळण्याआधी, ३० पैकी १७ मध्ये मुख्य आउटकमवर फायदा दिसला होता, त्यानंतर २५ पैकी फक्त २ मध्ये. हा फरक एकट्या नोंदीमुळे पडला असं सिद्ध करता येत नाही, पण आधी जाहीर केलेल्या आउटकमला बांधून घेतलं की काय होतं याचा अंदाज येतो.

तफावत सापडलीच तर जर्नलच्या संपादकांना पत्र लिहा. आरोप करू नका. नोंदणी क्रमांक, आवृत्तीची तारीख, नोंदीतलं वाक्य आणि निबंधातलं वाक्य शेजारीशेजारी द्या. पत्रांना शब्दमर्यादा असते आणि बऱ्याच जर्नलमध्ये निबंध आल्यापासून काही आठवड्यांचीच मुदत असते, ती आधी बघून घ्या. 'कंपेअर'नं ५८ पत्रं पाठवली, छापली गेली २३. काही संपादकांचं म्हणणं होतं की रजिस्ट्रीतल्या नोंदी अपुऱ्या असतात. तसं उत्तर आलं तर मूळ प्रोटोकॉल, त्यावरच्या तारखेसकट, मागा.