नकाशात मागे वळणारी माणसं

प्रिय मैत्रिणी,

तू पाठवलेला सेवेचा नकाशा दोनदा पाहिला. काम सुबक आहे. नागरिक डावीकडून आत येतो, सात टप्पे ओलांडतो आणि उजवीकडून काम करून बाहेर पडतो. पण त्या अख्ख्या कागदावर कोणीच मागे वळत नाही. खरी माणसं तर परत परत येतात.

अशा नकाशाची पद्धत विपणनतज्ज्ञ लिन शोस्टॅक यांनी १९८४ साली मांडली, तेव्हा उदाहरण होतं बूटपॉलिशचं. बूटपॉलिशला ती छान पुरते. पण घरात कर्ज, अंथरुणाला खिळलेला म्हातारा आणि शाळा अर्धवट सुटलेला मुलगा असं सगळं एकदमच असेल, तर? सरकारदरबारी ते तीन खात्यांचे तीन विषय. घरात मात्र एकाच बाईच्या डोक्याला तो एकच घोर. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ मध्येच सांगून ठेवलंय की असले प्रश्न ‘सुटले’ म्हणून कधी बंद करता येत नाहीत, आणि प्रत्येक उपायाने प्रश्नाचं रूप थोडं बदलतं.

माझी फजिती सांगतो. एका कार्यालयात मी चार पानी अर्जाचा एक पानी अर्ज केला. कौतुक झालं, गर्दी मात्र तेवढीच राहिली. मग बाकावर जाऊन बसलो आणि वहीत दोन रकाने आखले. एकात नवं काम घेऊन आलेले, दुसऱ्यात ‘माझ्या कामाचं काय झालं?’ विचारायला आलेले. दुपारपर्यंत दुसरा रकाना पान उलटून पुढे गेला होता, पहिला अर्ध्यावरच रेंगाळत होता. त्या रांगेत एक बाई होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले आणि मागच्या खेपेला ज्या क्रमाने मागितले होते, त्याच क्रमाने खिडकीवर मांडले. पण खिडकीमागचा माणूस बदलला होता. तो म्हणाला, ‘पहिल्यापासून सांगा.’ तिने सांगितलं. कुठे थांबायचं, कुठला प्रश्न येणार, सगळं तिला पाठ होतं.

ब्रिटिश व्यवस्थापन-विचारवंत जॉन सेडन यांनी या दुसऱ्या रकान्यावर बरंच लिहिलंय: काम केलंच नाही किंवा धड केलं नाही, म्हणून यंत्रणेवर उलटून येणारी मागणी. आपल्याकडे तिला सरळ हेलपाटे म्हणतात.

खिडकीवरच्या माणसाला दोष देणं सोपं होतं, आणि मी आधी तेच केलं. नंतर त्याचा मासिक तक्ता पाहिला. त्यात ‘निकाली प्रकरणे’ असा रकाना होता आणि अपुरा म्हणून परत पाठवलेला अर्जही त्यातच मोजला जायचा. म्हणजे अर्ज परत केला की काम झालं! व्यवस्थांच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये व्यवस्था बदलायला हात घालण्याच्या बारा जागा सांगितल्या. आकडे आणि मापदंड त्यांनी सर्वांत कमी परिणामाचे म्हणून तळाला ठेवले, वर ठेवले हेतू आणि विचारांची चौकट. क्रम पटतो, पण माझा अनुभव असा की हेतूचा माग बहुतेकदा असल्या तक्त्यातच लागतो.

आता नात्यांबद्दल. हा शब्द ऐकला की लोकांना गोड बोलणं, हसतमुख स्वागत वगैरे आठवतं. मला मात्र नात्यात माहिती दिसते. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी २००६ साली ‘ब्यूर्टझोर्ख’ ही घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था सुरू केली. एका गटात फार तर बारा जण, वस्ती ठरलेली, वेळापत्रक गटच आखतो. कालचा हात आज जास्त थरथरतोय, हे रोज येणाऱ्या परिचारिकेलाच कळतं. कुठल्याही अर्जात ते मावत नाही. पण त्यांची नक्कल करताना अनेक जण बाराचा गट उचलतात आणि निर्णयाचा अधिकार वरच ठेवतात. मग हाती येते बारा जणांची आणखी एक बैठक.

एक धोका मात्र विसरू नकोस. नात्यावर चालणारी सेवा घसरली की ‘ओळखीने काम’ होते. ज्याची कोणाशीच ओळख नाही, त्याला कोरडा नियमच वाचवतो. म्हणून पात्रता, रक्कम, मुदत हे नियमाकडे राहू दे, तिथे कोणाची मर्जी नको. गुंतागुंत सुरू झाली की मात्र एकच ओळखीचा माणूस शेवटपर्यंत सोबत हवा, आणि चार खात्यांना फोन करून काम पुढे रेटण्याचा अधिकारही त्यालाच हवा. ही सीमारेषा कुठे ओढायची, यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं अजूनही भांडण होतं.

तेव्हा सध्या नकाशाचे रंग बाजूला ठेव. तुझ्या नकाशातल्या कार्यालयात दोन दिवस बाकावर बस, वहीत दोन रकाने आख. कर्मचाऱ्यांना आधी सांगून बस, नाहीतर तपासणी आली म्हणून सगळे जपून वागतील. आणि भेटशील तेव्हा तिथल्या मासिक तक्त्याचा कोरा नमुना आण. नकाशा मग त्याच्या शेजारी ठेवून पाहू.

तुझा,
काका