ग्राफिक कार्ड राहू दे, आधी रॅम बघ

अरे, फोटोशॉप रखडतं म्हणून ग्राफिक कार्डावर पैसे ओतायची घाई नको; आधी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, बघ. शिगम्याचे वीसेक रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, जड फायली) फोटोशॉपात उघड आणि टास्क मॅनेजर, म्हणजे मेमरी किती भरली ते दाखवणारी विंडोजची खिडकी, बघ. मेमरी ९५ टक्क्यांवर चिकटली की दुखणं रॅमचंच. ८ जीबीवर ते कसंबसं रांगतं; १६ हवीच, लेयर्सचा, म्हणजे फोटोवर थरावर थर चढवायचा सोस असेल तर ३२. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या घे. रॅम संपली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे तात्पुरत्या कामाला वापरायच्या डिस्कवर लिहितं. तिथे जुनी हार्ड डिस्क असेल तर ब्रश फिरवून चहा पिऊन यावं. म्हणून तिथे एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क. मदरबोर्ड डीडीआर४ रॅमचा की डीडीआर५चा, ते आधी बघ; एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. मी न बघता म्हापसा-पणजी दोन हेलपाटे घातलेत! आणि पावसात वीज जाते, यूपीएस विसरू नकोस.